चाकांवरच्या घराचं पांघरूण



ऑक्टोबर संपत आला की आमच्या उत्तर इंडियानात घरोघरी एकच लगबग सुरू होते. स्प्रिंकलरच्या नळ्यांतलं पाणी काढा, गॅस ग्रिल झाका, पानं गोळा करा, बर्फ उपसायचं फावडं गराजमध्ये कुठे गेलं ते शोधा. आमच्याकडे त्यात आणखी एका कामाची भर असते, आणि ते एकट्याचं काम नाही. दारात एक जुनं मोटरहोम उभं आहे, २००५ सालचं, २८ फूट लांब आणि ११ फूट उंच. (आमच्या वस्तीत होमओनर्स असोसिएशन नाही, म्हणून हे धाडस!) हिवाळ्याआधी त्याला कव्हर घालावं लागतं. गेल्या शनिवारी ते घातलं. दोन माणसं, दोन शिड्या, साडेतीन तास आणि माझ्या अंगठ्याचं एक नख, एवढा खर्च आला.

तुम्ही म्हणाल, गाडीवर कापड टाकायचं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? मीही तसंच समजत होतो. त्या समजापायी माझ्या आई-बाबांची यलोस्टोनची सहल बुडाली. ती कशी बुडाली ते आधी सांगतो. मग जरा इतिहासात जाऊ, कारण जी चूक मी केली ती या देशानं दोनेकशे वर्षांत निरनिराळ्या कापडांवर करून झालेली आहे, हे मला नंतर कळलं.

हे मोटरहोम आम्ही २०२२ च्या उन्हाळ्यात विकत घेतलं. बाबांना विमान चालतं, पण लांबच्या प्रवासात रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरणं-उपसणं हे नको असतं. आईला बाहेरचं खाणं चार दिवसांच्या वर सोसत नाही. तेव्हा स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची गादी आणि स्वतःचं टॉयलेट बरोबर घेऊन यलोस्टोनला जायचं, असा बेत ठरला. ते दोघं २०२३ च्या मे महिन्यात यायचे होते. मधे एक हिवाळा होता. नोव्हेंबरात मी दुकानातून सगळ्यात जाड, सगळ्यात मोठी निळी ताडपत्री आणली, मोटरहोमवर टाकली आणि नायलॉनच्या दोरीनं चारी बाजूंनी आवळून बांधली. खिडक्या बंद, छपरावरचे झरोके बंद. आतून एक थेंब शिरणार नाही अशी व्यवस्था. इंजिनियर माणूस, स्वतःवरच खूश!

एप्रिलमध्ये ताडपत्री काढली आणि दार उघडलं. आत बंद माजघराचा असतो तसा कुबट वास. गाद्यांच्या खालच्या बाजूला, कपाटांच्या कोपऱ्यांत, छताच्या कडेनं काळी बुरशी. बाहेर वाऱ्यानं ताडपत्री सगळा हिवाळा फडफडत राहिली होती, त्यामुळे कोपऱ्यांवरचा रंग पॉलिश पेपरनं घासल्यासारखा गेला होता. आईला दमा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा गाडीत झोपायचं नाही. गाद्या फेकल्या, फळ्या उचकटल्या, पण तीन आठवड्यांत ते काम पुरं होण्यासारखं नव्हतं. सहल रद्द झाली.

गंमत अशी, की बाहेरचं पाणी खरंच आत आलेलं नव्हतं. छप्पर शाबूत होतं. जे पाणी भिंतींवर बसलं ते आतलंच होतं.

यलोस्टोन गेलं, म्हणून आई-बाबांना घेऊन मी जवळपास फिरलो. आम्ही मिशवाकाला राहतो. पश्चिमेला साउथ बेंड, पूर्वेला एल्कहार्ट. दोन्हींमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. एरवी पाहुण्यांना दाखवायला इथे फारसं काही नाही असं आपण म्हणतो. पण चाकांवरच्या घराचा जवळजवळ सगळा इतिहास या पंचवीस किलोमीटरमध्ये पडलेला आहे.

आधी साउथ बेंड. इथे १८५२ मध्ये हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोन भावांनी लोहारकामाचं दुकान काढलं. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्यानं सोनं खणण्याऐवजी सोनं खणणाऱ्यांना एकचाकी हातगाड्या बनवून विकल्या आणि आठ हजार डॉलर साठवून १८५८ मध्ये परत आला. (गोल्ड रशमध्ये फावडी विकावीत, हे आपल्या आयटीवाल्यांचं आवडतं वाक्य. हा त्याचा जिवंत पुरावा.) त्या पैशांवर कारखाना वाढला. यादवी युद्धात त्यांनी उत्तरेच्या सैन्याला घोडागाड्या पुरवल्या आणि पुढे ते जगातल्या सगळ्यात मोठ्या गाडी बनवणाऱ्यांत गणले गेले. नंतर मोटारींत शिरले. साउथ बेंडचा मोटार कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद पडला. आता तिथे संग्रहालय आहे. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून त्या शेवटच्या रात्री नाटकाला गेला, ती बग्गी तिथे आहे. आणि स्टुडबेकर कुटुंबाची जुनी कॉनेस्टोगा गाडीही आहे.

कॉनेस्टोगा ही पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीत अठराव्या शतकात तयार झालेली मालवाहू गाडी. होडीसारखा मधे खोलगट तळ, म्हणजे चढउतारावर माल सरकत नाही. वर लाकडाच्या वाकवलेल्या कमानी आणि कमानींवर पांढरं कापड. पुढे १८४० च्या दशकात मिसूरीपासून ओरेगनपर्यंत सुमारे दोन हजार मैल जाणाऱ्या कुटुंबांनी यापेक्षा लहान, हलक्या गाड्या वापरल्या. गवताळ मैदानात लांबून त्यांची शिडं दिसत, म्हणून लोक त्यांना 'प्रेअरी स्कूनर' म्हणत. स्कूनर म्हणजे शिडाचं जहाज.

ते कापड कॅनव्हास होतं. कॅनव्हास हा शब्दच मुळी 'कॅनाबिस'वरून आला आहे. भांगेच्या जातीतल्या हेंप नावाच्या झाडाचा वाख काढून त्याचं हे जाडं कापड विणत. पुढे कापसाचंही विणू लागले. पाणी आत येऊ नये म्हणून त्याला अळशीचं तेल चोळत. आपण जवसाची चटणी करतो, तेच जवस. हे तेल हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू घट्ट होतं आणि धाग्यांमधली भोकं बुजवतं. पाण्यापासून बचाव होतो, पण कापड कोंदटही होतं. म्हणून गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला कापडात दोरी ओवलेली असे. आपल्या पिशवीच्या तोंडासारखी. पाऊस आला की ओढून बंद करायची, उघडला की सैल सोडायची.

बाबा त्या गाडीच्या मागच्या टोकाशी बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "अरे, यांनी दोन्हीकडे तोंड ठेवलंय बघ. तू कुठे ठेवलं होतंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांचं गाव हर्णै. ते शाळेत मास्तर होते, पण त्यांच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आबांची, मासेमारीची होडी होती. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, टेकू देऊन उभ्या करतात आणि शाकारतात. आता कायद्यानंच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा मात्र समुद्रच बंद करायचा आणि नारळी पौर्णिमेला उघडायचा. शाकारायचं म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप एकावर एक असे घालायचे की पाणी वरच्या वर ओघळून जावं. पण टोकांकडून आणि खालून वारा खेळता राहायचा. बाबा म्हणाले, आबा एका वाक्यात सांगायचे: होडी झाकायची, कोंडायची नाही. कोंडली तर लाकूड आतून कुजतं आणि ऑगस्टमध्ये पाण्यात घातल्यावर कळतं.

आता किनाऱ्यावर झापांऐवजी निळी ताडपत्री पुष्कळ ठिकाणी दिसते, हेही त्यांनीच सांगितलं. मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असावं.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. आपला स्वभाव असा, की सिस्टीम क्रॅश झाली की जुने लॉग उघडून बसायचं. तर झाकण्याच्या या लॉगमध्ये जे सापडलं ते असं.

ताडपत्रीचं इंग्रजी नाव तारपॉलिन. त्यातला 'टार' म्हणजे डांबर आणि 'पॉल' म्हणजे आच्छादन. जहाजावरचे खलाशी कॅनव्हासला डांबर फासून माल झाकत. इथपासून पाणी अडवण्याची जी शर्यत लागली, तिच्यात पुढचा मोठा टप्पा १८२३ चा. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून पेटंट घेतलं. पाऊस अगदी बंद! पण ते रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये हॅनकॉकनं आणि अमेरिकेत गुडइयरनं रबर गंधकाबरोबर तापवून तो दोष घालवला. पण दुसरा दोष राहिलाच. आतला माणूस पावसानं नाही तर घामानं भिजायचा. मुंबईत जुलैमध्ये रबरी रेनकोट घालून लोकल पकडलेल्या प्रत्येकाला हे वेगळं सांगायला नको.

याच्या उलट वाटेनं जाणारेही होते. थॉमस बर्बेरीनं १८७९ च्या सुमारास गॅबर्डिन काढलं. त्यात धागा आधी जलरोधक करून मग घट्ट विणलेला असे, त्यामुळे पाणी वरून घरंगळे पण हवा जाई. साध्या सुती कॅनव्हासची युक्ती आणखी सोपी. भिजलं की धागे फुगतात आणि मधली भोकं आपोआप मिटतात. वाळलं की उघडतात. एनसीसीच्या कँपमध्ये पावसात तंबूला आतून बोट लावू नका असं ओरडून सांगायचे, आठवतं? बोट लावलं की तिथूनच गळायला लागायचं. म्हणजे ते कापड बंद नव्हतंच, फक्त पाण्याला थोपवून धरत होतं.

हे सगळं मोटारींच्या आधीचं. आता एल्कहार्टकडे वळतो.

अमेरिकेत मोटार आल्याबरोबर लोकांनी तिच्यात झोपायची सोय करायला सुरुवात केली. १९१० मध्ये पीअर्स-ॲरो कंपनीनं 'टूरिंग लँडो' नावाची गाडी दाखवली. मागची सीट उघडली की पलंग, शिवाय हात धुवायचं भांडं आणि शौचाचं पात्र. ती श्रीमंतांची. सामान्य लोक फोर्डच्या मॉडेल टीला कॅनव्हासचा तंबू जोडून निघत. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथल्या डी सोटो पार्कमध्ये अशा लोकांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा डकवलेला ही त्यांची खूण. हिवाळ्यावर त्यांचा उपाय साधा होता. गाडी झाकायची नाही, गाडी घेऊन दक्षिणेला पळायचं.

१९२० च्या दशकाच्या शेवटी मिशिगनमधला आर्थर शर्मन नावाचा जंतुशास्त्रज्ञ घरच्यांना घेऊन सुट्टीला गेला. बरोबर विकत घेतलेला, घडीचा कॅनव्हासचा ट्रेलर होता. पाच मिनिटांत उभा राहतो म्हणे. पाऊस आला आणि तो काही उभा राहिना, सगळे भिजले. चिडून त्यानं टणक भिंतींची आणि टणक छपराची एक पेटी बनवून घेतली. पोरं तिला थट्टेनं 'कव्हर्ड वॅगन' म्हणू लागली. त्यानं तेच नाव कंपनीला दिलं आणि १९३६ पर्यंत ती देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी झाली. म्हणजे बघा, नावात कापड राहिलं आणि छपरावरून गेलं.

१९३० च्या दशकात एल्कहार्टच्या आसपास ट्रेलरचे कारखाने निघू लागले. १९५० च्या दशकात मिशिगनच्याच रे फ्रँकनं आपल्या कुटुंबासाठी इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेली गाडी बांधली आणि तिला 'मोटर होम' म्हटलं. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात विनेबेगो कंपनीनं १९६६ पासून मोटरहोम कारखान्याच्या पट्ट्यावर काढायला सुरुवात केली, तेव्हा ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्यांच्या भिंती सँडविचसारख्या. बाहेर ॲल्युमिनियम, मधे फोम, आत पातळ फळी. हलक्या, उबदार आणि घट्ट बंद.

या घट्ट बंद पेटीचे दोन प्रश्न पुढे आले. एक, छप्पर टणक असलं तरी सांधे असतातच. झरोके, अँटेना, एसी, शिडी, जिथे जिथे भोक पाडलं तिथे लांबी भरलेली असते आणि ऊन-बर्फानं ती तडकते. आमच्या भागात लेक मिशिगनवरून येणारं बर्फ दिवसचे दिवस छपरावर बसून राहतं, वितळतं, पुन्हा गोठतं. म्हणून छपराला पुन्हा कापडाचं छप्पर घालायची वेळ आली. दुसरा प्रश्न आतल्या हवेचा. कतरिना वादळानंतर २००५ मध्ये बेघरांना सरकारनं जे ट्रेलर दिले, त्यांत राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास लागू लागला. २००८ च्या फेब्रुवारीत सीडीसीनं ५१९ ट्रेलर तपासून सांगितलं की आतल्या फळ्यांतून निघणारा फॉर्माल्डिहाइड वायू घरात एरवी असतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. फळ्यांचा दोष होताच, पण लहान, बंद जागेत तो वायू साचून राहत होता.

आमच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. एल्कहार्टच्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं त्यांनी मोटरहोमची छपरं बसवली. २००८ च्या मंदीत पहिल्या फेरीतच त्यांची नोकरी गेली. २००९ च्या मार्चमध्ये एल्कहार्टची बेकारी २० टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती, आणि त्याआधी फेब्रुवारीत नवे अध्यक्ष ओबामा मुद्दाम या गावात येऊन गेले होते. म्हातारबुवा सांगतात की त्यांच्या ओळीवर निम्मे लोक आमिश असत. घरी घोड्याची बग्गी, मालकीची मोटार नाही, आणि दिवसभर लोकांसाठी मोटरहोम बांधायचे. शिपशेवानाच्या रस्त्यावर आजही त्या बग्ग्या दिसतात.

माझी निळी ताडपत्री म्हातारबुवांनी त्याच हिवाळ्यात कुंपणापलीकडून पाहिली होती. नंतर मला म्हणाले, "मला वाटलं होतं सांगावं, पण तू इंजिनियर आहेस असं ऐकलं होतं." यावर काय बोलणार?

ती निळी ताडपत्री पॉलिथिनची. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये फॉसेट आणि गिब्सन या दोघांना एका फसलेल्या प्रयोगाच्या भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, तो हा. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांना त्याचं वेष्टन घातलं. पुढे त्याच्या पट्ट्या विणून, दोन्ही बाजूंनी थर देऊन स्वस्त ताडपत्री झाली. तिच्यातून पाणी जात नाही आणि वाफही जात नाही. इथेच माझा घोटाळा झाला. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा मावत नाही. हिवाळ्यातल्या दुपारी ऊन पडलं की ताडपत्रीखाली गरम होतं, लाकूड, गाद्या, पडदे यांतला ओलावा हवेत येतो. रात्री थंडी पडली की तो थंड भिंतीवर थेंब होऊन बसतो. बाहेर जायला वाट नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चक्र. पाच महिने हे चाललं.

यावरचा उपाय त्याच रसायनशाळांतून आला. १९५५ मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत एका नळीतून पांढरा भुसभुशीत पिंजलेला कापूस बाहेर पडताना एका संशोधकाला दिसला. त्यातून टायव्हेक निघालं आणि १९६७ पासून ते बाजारासाठी बनू लागलं. नव्या घरांवर विटांच्या आधी पांढरा कागद गुंडाळलेला दिसतो ना, तो. १९६९ मध्ये बॉब गोरनं टेफ्लॉनचा तुकडा हळू ओढायच्या ऐवजी झटक्यात ओढला आणि गोअर-टेक्स मिळालं. या दोन्हींतून वाफ जाते, पण पाण्याचा थेंब जात नाही. मोटरहोमची बरीचशी कव्हरं न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनची असतात. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी तोंडावर मास्क बांधून जो श्वास घेतला, तो याच जातीच्या कापडातून. वरच्या भागाला तीन-चार थर, बाजूंना कमी, आणि वाऱ्यासाठी झाकणाचे झरोके. दोनशे वर्षांनी आपण पुन्हा प्रेअरी स्कूनरच्या सैल सोडलेल्या दोरीपाशी आलो, एवढंच.

आता गेल्या शनिवारचं काम क्रमानं सांगतो. कोणाकडे मोटरहोम, पॉप-अप किंवा बोट असेल तर उपयोग होईल.

आदल्या आठवड्यात नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ घातलं. ते पिण्याच्या नळ्यांसाठी चालणारं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असावं, कारच्या इंजिनचं नाही. मग गाडी धुतली आणि दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू दिली. ओल्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे ओला टॉवेल कपाटात ठेवण्यासारखं. आतली कपाटं, फ्रिज उघडे ठेवले, गाद्या उभ्या केल्या. उंदीर शिरतात त्या फटींत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली. छपराचे सांधे शिडीवर चढून हातानं तपासले.

मग कोपरे. पन्हाळीची टोकं, अँटेना, आरसे, शिडीचे दांडे, जिथे जिथे टोक आहे तिथे कव्हर फाटतं. जुने टेनिस बॉल अर्धे कापून टोकांवर बसवले. छपरावरच्या झरोक्यांना पाऊस न शिरणाऱ्या टोप्या लावल्या आहेत, म्हणून ते बोटभर उघडे ठेवले. वारा नसलेला दिवस निवडला. कव्हर छपरावर नेऊन मागून पुढे उलगडलं. एक माणूस वर, एक खाली. खालचे पट्टे गाडीच्या पोटाखालून पलीकडे न्यायचे असतात. त्यासाठी पट्ट्याच्या टोकाला वाळूची पिशवी बांधून ती पलीकडे भिरकवायची, म्हणजे चिखलात सरपटावं लागत नाही. पट्टे असे ओढायचे की कापड फडफडणार नाही, पण गळफासही बसणार नाही. आणि महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, बाजूची चेन उघडून आत जाऊन वास घ्यायचा. नाक हे यातलं सगळ्यात चांगलं यंत्र आहे.

छपरावर अर्थात म्हातारबुवा होते. वय बहात्तर, माझं ऐकत नाहीत. खाली मी, आणि बॉनेटवर टेकवलेल्या फोनमध्ये हर्णैहून बाबा. तिकडे रात्रीचे साडेनऊ. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण मी मागचा पट्टा जरा जास्त आवळला तेव्हा वरून आणि फोनमधून एकदमच ओरडा झाला, तो मला दोन्ही भाषांत कळला.

गेले दोन हिवाळे हेच कव्हर घालतो आहोत. आत बुरशीचा ठिपका नाही. पण २०२३ नंतर आई-बाबा आलेले नाहीत. आधी बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग आईचा दमा. आता दोघंही सत्तरीला आली. सहल पुढच्या वर्षी, असं म्हणण्यात किती वर्षं काढायची, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना तपशील बदलून ठाऊक आहे. फ्रिज भरून ठेवतो, गराज भरून ठेवतो, फोनवर "सगळं ठीक" म्हणतो, आणि आत काय साचतंय ते एप्रिलमध्ये दार उघडल्यावर कळतं. २०२३ मध्ये मी रडकुंडीला येऊन फळ्या उचकटत होतो, तेव्हा बाबा मास्क लावून शेजारी बसून ब्रशनं कोपरे घासत होते. ते पंधरा दिवस आम्ही जितके बोललो, तितके मी बारावीनंतर बोललो नव्हतो. तेवढंच त्या बुरशीचं देणं.

या वेळी तिकिटं काढली आहेत, ११ मेची. परत करता येणारी आहेत, पण करायची नाहीत असं ठरवलंय. कव्हर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काढू. आधी मी एकटा आत जाऊन वास घेईन आणि मगच यलोस्टोनची जागा पक्की करीन. काय होतं ते कळवेनच.

बाकी क्षेम. थंडी सांभाळा, आणि झरोका थोडा उघडा ठेवा.

चूभूद्याघ्या.